जांभळीपासून देवळापर्यंत

"मग समद्यांचे हातच बांधा की," चुलीतलं लाकूड पुढं सारत चिमाबाई नवऱ्याला म्हणाली. "सुरवात तुमच्यापासनं करा."

"हात बांधल्यावर च्या कोन देनार?" धोंडीबा म्हणाला आणि परत आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. तो हॉटेलच्या बाकावर बसला होता. हॉटेल म्हणजे चार वासे, वर पत्रा, पुढं एक पायरी, एक चूल आणि हा बाक. पण चाकणच्या अंगानं आंबळदऱ्याची खिंड चढताना जांभळीच्या वळणावर माणसाला हमखास दम लागतो, आणि दम लागल्यावर टेकायला तिथं दुसरी जागा नाही, म्हणून त्याला हॉटेल म्हणायची गावात पद्धत होती.

सकाळीच एक जीप येऊन गेली होती. तिच्यातून पुण्याचे अण्णासाहेब उतरले होते. डोक्यावर पांढरी हॅट, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं स्वच्छ की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहावा. येत्या रविवारी पिंपरीहून सायकलची मोठी शर्यत सुटणार होती. देहूरोड, तळेगाव, चाकण असा वळसा घेऊन ती आंबळदऱ्याच्या खिंडीत शिरणार आणि माथ्यावर भैरोबाच्या देवळापाशी संपणार. अण्णासाहेब तिचे मुख्य पंच. मुंबईहून काही गडी असे येणार होते, की ज्यांना नुसता सायकल चालवायचाच पगार मिळतो. हे धोंडीबानं दोनदा विचारून घेतलं. आंबळदऱ्यातली माणसं वर्षानुवर्षं सायकल चालवत होती, पण पगारासाठी त्यांना पुढं कंपनीत जाऊन आठ तास काम करावं लागत होतं.

अण्णासाहेबांनी वळण बघितलं, वरचा चढ बघितला आणि म्हणाले, "शर्यतीचा निकाल इथंच लागणार. धोंडीबा, गावाची जबाबदारी तुमच्यावर. टाळ्या वाजवा, ओरडा, हवं तर लांबून पाणी उडवा. पण कुणीही स्पर्धकाला हात लावायचा नाही. मदत झाली की तो बाद."

"बाद म्हंजी?"

"म्हणजे तो शर्यतीत नव्हताच असं धरायचं."

"आन हात लावनाऱ्याच्या मनात वाईट नसलं तर?"

"मनात चांगलं असलं तर नक्कीच बाद," अण्णासाहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

हे ऐकल्यापासून धोंडीबाचं लक्ष स्वतःच्या हातावरून हलत नव्हतं. त्याचं कारण म्हणजे त्या शर्यतीत त्याचा एकुलता एक मुलगा ज्योतीराम होता. ज्योतीराम चिंचवडला एका कंपनीत टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत गेटवर जाऊन सुपरवायझरला नमस्कार. परमनंट लोकांना कंपनीची बस होती. ती रोज संध्याकाळी खिंडीतून पलीकडच्या गावांना जायची, आणि तिच्या मागं धूळ खात ज्योतीराम सायकल मारत यायचा. असा रोज मारून मारून त्याच्या पायात जोर आला, कंपनीच्या साहेबानं तो बघितला आणि त्याला कंपनीच्या सायकल टीममध्ये घेतलं. रविवारी पहिल्या तिघांत आलास तर तुला परमनंट करतो, असं साहेबानं चार लोकांत सांगितलं होतं. रहाटणीला एक मुलगी बघून ठेवली होती. तिचा बापही त्याच शब्दाशी अडून बसला होता. तेव्हा नोकरी, बस आणि सून, सगळं त्या एका चढावर येऊन थांबलं होतं.

आता आंबळदऱ्याची खोड सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जांभळीच्या वळणावर सायकल दिसली की तिच्या सीटला मागून हात द्यायचा, आणि तिला वरपर्यंत नेऊन सोडायची, ही त्या गावाची रीत. दुधाच्या किटल्या असोत, कडब्याची पेंडी असो, शिफ्ट करून आलेला कामगार असो, जो कोणी वळणावर असेल त्यानं उठायचं आणि हात लावायचा. सायकलवाल्यानं मागं वळून बघायचं नाही, आभार मानायचे नाहीत. हात कुणाचा हेही विचारायचं नाही. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की गावातली माणसं पिंपरीच्या बाजारात चढावर कुणाची सायकल दिसली तरी हात लावायची, आणि मग त्यांना चोर समजून लोक पकडायचे.

आणि ज्याच्याशी बिनसलं, त्याच्या सायकलीला हात लावायचा नाही. आंबळदऱ्यात भांडण ओळखायची खूण तेवढीच. शिव्या दिल्या, डोकी फोडली, तरी संध्याकाळी वळणावर हात लागला म्हणजे भांडण मिटलं असं समजायचं. हात लागला नाही की गाव समजून जायचं, प्रकरण गंभीर आहे.

धोंडीबा आणि भिवा यांचं प्रकरण असं तीन पावसाळे गंभीर होतं. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार. भिवा आकुर्डीच्या एका कंपनीत बागेला पाणी घालायचा. एकदा बायकोला, म्हणजे कस्तुराला, कॅरेजवर बसवून तो खिंड चढत होता. धोंडीबा नेहमीप्रमाणे उठला आणि त्यानं मैत्रीच्या भरात हात जरा जास्तच जोरात लावला. सायकल वळणावर न वळता सरळ गेली आणि कस्तुरा निवडुंगात बसली. ती बिचारी उठून हसायला लागली होती. पण भिवा चार माणसांदेखत म्हणाला, "धोंड्या, तुला सायकल ढकलाय येत न्हाई." आंबळदऱ्याच्या माणसाला याहून मोठी शिवी नव्हती. धोंडीबा म्हणाला, "मग आजपास्नं तुझ्या सायकलीला हात लावला तर बोल."

तेव्हापासून भिवा जांभळीपाशी सायकलवरून उतरायचा आणि एकटा चालत वर जायचा. मात्र हॉटेलासमोर आला की मोठ्यानं खाकरायचा. धोंडीबा तेव्हा पाठ करून ग्लास विसळायचा. ग्लास स्वच्छ असले तरी विसळायचा. बायकांनी यात काही भाग घेतला नव्हता. चिमाबाई आणि कस्तुरा ओढ्यावर एकत्र धुणं धुवायच्या आणि दोघांच्या नावानं एकत्र कपडे आपटायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी धोंडीबानं हॉटेलापुढं गाव गोळा केलं आणि नियम सांगितला. सगळे गंभीर झाले.

"आमी काय मुद्दाम लावतो व्हय?" सरूबाई म्हणाली. "हात आपसूक जातो."

"मला तर सपनातबी जातो," ज्ञानदेव म्हणाला.

ग्रामपंचायतीचा माजी पंच रंगराव म्हणाला, "धोंडीबा, गावाचं सोड. तुझा पोरगा दमून समोर आला तर तू काय करशील?"

याच प्रश्नावर धोंडीबा सकाळपासून अडला होता. शेवटी तोड चिमाबाईनं काढली. "हात बांधू नका, भरा," ती म्हणाली. "ज्येनं त्येनं दोनी हातांत कायतरी धरून उभं ऱ्हायचं. खाली ठिवाय येनार न्हाई असं."

ही युक्ती सगळ्यांना पसंत पडली. ज्याची त्याची वस्तू तिथल्या तिथं ठरली. फक्त भिवा त्या बैठकीला नव्हता. त्या हॉटेलाची पायरी चढायची नाही अशी त्याची शपथ होती. कस्तुरा होती. घरी जाऊन तिनं भाकरी वाढताना सुरुवात केली, "आज धोंडीबाभावजींच्या हाटेलात ठरलं, का रविवारी कुनीबी..."

भिवानं ताट पुढं सारलं. "ते नाव ह्या घरात नगं."

"अवं, ऐकून तर घ्या."

"जेवाय देनार का उठू?"

कस्तुरानं त्याला जेवायला दिलं आणि विषय सोडला. आपला नवरा रविवारी त्या वळणाकडे फिरकणार नाही, याची तिला खात्री होती.

रविवार उजाडला. दुपारच्या आधीच जांभळीच्या वळणावर दोन्ही बाजूंना गाव उभं राहिलं. सरूबाईच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या कळशा. सोजरबाईच्या कडेवर एक नातू आणि बोटाला दुसरा. ज्ञानदेवनं शाळेतून आणलेलं 'सुस्वागतम्'चं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलेलं. रंगरावाला ऐनवेळी काही सापडेना, म्हणून त्यानं दोन कोंबडे पायाला धरून उलटे लटकवले होते. धोंडीबाच्या उजव्या हातात उकळत्या चहाची किटली होती आणि डाव्या हातात ग्लासांचा ट्रे. सगळं गाव अवघडून उभं होतं आणि एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून होतं.

पहिला आला तो मुंबईचा पगारी गडी. उन्हानं लाल झालेला, मान खाली, पाय मात्र मशीनवर चालल्यासारखे एका ठेक्यात. तो वळणावर आला तशी गर्दी एका अंगानं पुढं झुकली. कळशांतलं पाणी हिंदकळलं, कोंबडे ओरडले, 'सुस्वागतम्' मधोमध टरकलं. पण हात कुणाचा सुटला नाही. गडी वर निघून गेला आणि गावानं रोखलेला श्वास सोडला.

"जमलं की," रंगराव म्हणाला. त्याचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

दुसरा आला सांगवीचा एक दांडगा पोरगा. त्याच्याही वेळी गावानं दात-ओठ खाऊन स्वतःला आवरलं. आणि त्याच्या मागं, चार सायकली मावतील एवढ्या अंतरावर, ज्योतीराम होता.

तिसरा. धोंडीबानं मोजलं, परत मोजलं. तिसराच. चौथा खालच्या नागमोडी रस्त्यावर कुठं दिसतही नव्हता. आता फक्त देवळापर्यंत पोचायचं होतं. पण ज्योतीरामची सायकल जांभळीपाशी आली आणि एकदम मंदावली. पुढचं चाक डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं. पोराच्या तोंडाला फेस आला होता. त्यानं बापाकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात मागणं काही नव्हतं, रोज यायचा तेव्हा जसा बघायचा तसंच ते बघणं. तेच धोंडीबाला सोसवेना. तो पुढं झुकला, किटली कलली आणि उकळता चहा त्याच्या डाव्या पायावर धार धरून पडायला लागला. त्यानं पाय मागं घेतला नाही आणि किटलीही सोडली नाही. किटली सोडली असती तर हात मोकळा झाला असता.

आता भिवा कुठं होता? तो वळणाच्या वरच्या बांधावर गवत कापत होता. शर्यत बघायची नाही, कारण ती 'त्या' हॉटेलापुढून जाते, असं त्यानं ठरवलं होतं. पण गवत नेमकं त्याच बांधावर कापायला आलं होतं, त्याला तो तरी काय करणार. आवाज आला म्हणून त्यानं खाली बघितलं आणि विळा त्याच्या हातातच राहिला.

खाली सगळं गाव उभं होतं. धोंडीबाचा पोरगा वळणावर कोलमडत होता. आणि एकही माणूस हात लावत नव्हता. सरूबाई नाही, ज्ञानदेव नाही, रंगराव तर कोंबडे घेऊन बघत उभा. आंबळदऱ्यात वाढलेल्या माणसाला या दृश्याचा एकच अर्थ लागू शकत होता. गावानं पोराला वाळीत टाकलं. आणि कहर म्हणजे त्याचा सख्खा बाप, जन्म दिलेला बाप, हातात किटली घेऊन गावाच्या बाजूनं उभा होता.

भिवाचं वैर बापाशी होतं. पोराला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. त्यानं विळा फेकला, बांधावरून उडी टाकली आणि ज्योतीरामच्या सीटला मागून हात घातला.

तीन पावसाळे कुणाच्या सायकलीला मनापासून न लागलेला तो हात होता. सायकल पडता पडता सरळ झाली आणि सुसाट वर निघाली.

"भिवा, सोड!" गावानं एकच आरडाओरडा केला.

"आता वाचा फुटली व्हय?" भिवा पळता पळता ओरडला. "लाजा वाटू द्या."

"काका, सोडा, काका," ज्योतीराम कळवळला.

"तू गप पायडल मार. मी हाय."

गाव जितकं ओरडत होतं, तितका भिवाला चेव येत होता. मागून कळशा, नातवंडं, कोंबडे सगळं घेऊन गाव पळत होतं. आता हातातलं टाकून दिलं तरी चालेल, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या मागं अण्णासाहेबांची जीप होती आणि अण्णासाहेब तिच्यात उभे राहून शिट्टी वाजवत होते. शिट्टी आपल्याला शाबासकी आहे, असंच भिवाला वाटलं. देवळाच्या अलीकडे त्यानं शेवटचा असा रेटा दिला, की ज्योतीराम सांगवीच्या पोराला मागं टाकून दुसरा आला.

ज्योतीरामनं हँडलवर डोकं टेकलं. भिवा देवळाच्या पायरीवर बसला, छातीचा भाता चालला होता. भाजलेला पाय ओढत धोंडीबा वर पोचला. वाटेत त्यानं भिवाला द्यायच्या शिव्या मनात जुळवून ठेवल्या होत्या. जन्माचं वाटोळं केलंस, एवढ्यावर त्या थांबणार नव्हत्या.

भिवानं त्याच्याकडे मान वर करून बघितलं. "तुझं माझं काय आसंल ते आसंल," तो धापा टाकत म्हणाला. "पर पोरानं काय केलं रं तुझं? बापानं तरी हात लावायचा."

तीन पावसाळ्यांतलं हे पहिलं बोलणं. धोंडीबाच्या ओठांवरच्या शिव्या तिथंच राहिल्या. त्याला राग आला होता, रडूही येत होतं, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे बरं वाटत होतं. रोज संध्याकाळी पाठ करून तो ग्लास विसळायचा, ते कशाची वाट बघत, हे त्याला आत्ता कळलं. तो एवढंच म्हणाला, "लई दमलास व्हय?"

तेवढ्यात कस्तुरानं येऊन भिवाच्या कानात नियम सांगितला. भिवाचा चेहरा बघता बघता उतरला. तो आपल्या तळव्याकडे बघायला लागला. "मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगत व्हते," कस्तुरा म्हणाली. "तुमी ताट सारलंत."

अण्णासाहेब जीपमधून उतरले. सांगवीचा पोरगा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, याच्या माणसानं याला ढकललं. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय," अण्णासाहेब म्हणाले. "मदत झाली, स्पर्धक बाद. नियम साधा आहे."

"पर साहेब," रंगराव कोंबड्यांसकट पुढं सरसावला. पंचायतीत पंधरा वर्षं बसल्यानं त्याचं डोकं असल्या वेळी फार तल्लख चालायचं. "मदत आपल्या मानसाची. वैऱ्यानं मुद्दाम हात लावून पोराला बाद करायचा घाट घातला, तर त्यात पोराचा काय गुन्हा?"

अण्णासाहेब थांबले. "तो अडथळा होईल. अडथळा आणला तर स्पर्धकाचा दोष नाही. पण हा गृहस्थ वैरी कशावरून?"

मग जे गाव सकाळपासून हात आवरून उभं होतं, त्याला तोंड फुटलं. सरूबाईनं निवडुंगाची जागा दाखवली. ज्ञानदेवनं त्या दिवशीची वाक्यं दोघांच्या आवाजात म्हणून दाखवली. सोजरबाई म्हणाली, माझा हा नातू जन्मायच्या आधीपासून दोघं बोलत नाहीत, आणि पुरावा म्हणून तिनं नातू पुढं केला. कस्तुराची बसून दाखवायचीही तयारी होती, पण तिला कुणी निवडुंगापर्यंत जाऊ दिलं नाही.

अण्णासाहेब भिवाकडे वळले. "काय हो, खरं आहे हे?"

भिवा उभा राहिला. त्याला आपली चूक भरून काढायची होती. तो शक्य तितक्या कडू आवाजात म्हणाला, "खरं हाय. दावा हाय माझा. त्याचं तोंडबी बघायचं न्हाई मला." हे बोलताना तो धोंडीबाच्या भाजलेल्या पायाकडे बघत होता.

"आणि तुमचं म्हणणं?" अण्णासाहेबांनी धोंडीबाला विचारलं. "हा तुमचा वैरी आहे?"

सगळं गाव धोंडीबाकडे बघायला लागलं. रंगराव मानेनं खुणावत होता, हो म्हण. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. घटकाभरापूर्वी विचारलं असतं तर धोंडीबानं देवळाची पायरी शिवून हो म्हटलं असतं, आणि ते खरंही होतं. एका शब्दात पोरगा परमनंट होणार होता, बसमध्ये बसणार होता, रहाटणीची सून घरात येणार होती. पण भिवाच्या हाताला अजून सीटखालचं ग्रीस लागलेलं होतं. या हाताला गावादेखत, देवादेखत वैऱ्याचा हात म्हटलं, तर तो हात परत कधी वळणावर पुढं येईल का? आणि आला तरी आपण कुठल्या तोंडानं तो घ्यायचा? धोंडीबानं ज्योतीरामकडे बघितलं. पोरानं हळूच मान हलवली. ती हो म्हणा अशी होती की नका म्हणू अशी, हे त्याला कळलं नाही. त्यानं आपल्या सोयीनं ती घेतली.

"व्हता, साहेब," तो म्हणाला.

"होता? म्हणजे आता नाही?"

"आता न्हाई."

रंगरावानं कपाळावर हात मारायला हात उचलला आणि एक कोंबडा सुटला.

"मग वैर संपलं कधी?" अण्णासाहेबांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. हात लावण्याआधी की नंतर? आधी संपलं असेल तर ती मदत. नंतर संपलं असेल तर तो अडथळा."

धोंडीबानं भिवाकडे बघितलं, भिवानं धोंडीबाकडे. दोघांनाही प्रश्न अवघड वाटला.

"जांभळीपाशी व्हतं, साहेब," धोंडीबा शेवटी म्हणाला. "देवळापाशी न्हाई."

"मधे कुठं तरी गेलं आसंल," भिवानं दुजोरा दिला. "म्या पळत व्हतो. मला कळलं न्हाई."

अण्णासाहेबांनी हॅट काढली. चष्मा पुसला. चाळीस वर्षं त्यांनी शर्यती घेतल्या होत्या, पंक्चरच्या तक्रारी ऐकल्या होत्या, ढकलाढकलीच्या ऐकल्या होत्या. पण अर्ध्या चढावर संपलेल्या वैराचा निवाडा त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. त्यांनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. चौथा गडी आत्ता कुठं जांभळीच्या वळणाकडे यायला लागला होता.

"जांभळीपाशी हा मुलगा कितवा होता?" त्यांनी विचारलं.

"तिसरा," सांगवीचा पोरगाच म्हणाला. पोरगा सच्चा होता. "माझ्या मागंच होता."

"मग तिसराच. जांभळीपासून देवळापर्यंत जे झालं त्याचा फायदा त्याला मिळणार नाही, आणि तोटाही होणार नाही. दुसरा तू. कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. हे समजायला गावाला थोडा वेळ लागला, पण सरूबाईनं बोटं मोजली आणि तिसरा म्हणजे तिघांतलाच, असं जाहीर केलं. मग कळशा खाली ठेवल्या गेल्या. ज्योतीराम येऊन दोघांच्या पाया पडला, आधी काकाच्या, मग बापाच्या. बापाच्या पडताना त्याला भाजलेलं दिसलं.

"चहा मिळेल का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"समदा ह्येंच्या पायावर सांडला," चिमाबाई म्हणाली. "बसा, दुसरा टाकते."

ज्योतीराम परमनंट झाला. साहेबानं शब्द पाळला, रहाटणीच्या पाहुण्यांनीही पाळला. तो आता कंपनीच्या बसमध्ये बसून येतो, खिडकीपाशी. सायकल घराच्या पडवीत टांगून ठेवली आहे. भिवा निवृत्त झाला. त्याला शपथ मोडायची नव्हती, म्हणून हॉटेलाची पायरीच धोंडीबानं काढून टाकली. संध्याकाळी दोघं त्या एका बाकावर बसतात. सायकली कमी झाल्या आहेत. परमनंट लोक वाढले, कुणी मोटारसायकल घेतली, आणि वळणावर उठायचे प्रसंग फारसे येत नाहीत.

पण साडेपाचच्या सुमारास बस येते. जांभळीपाशी ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, इंजिन घोगरं होतं, आणि दोघं म्हातारे उठतात. बसच्या मागच्या पत्र्याला एक डावीकडून हात लावतो, एक उजवीकडून. देवळापर्यंत तसेच चालत जातात, मग परत येऊन बसतात.

पहिल्या दिवशी ज्योतीराम लाजला. घरी आल्यावर म्हणाला, "आबा, बसला इंजिन असतं."

"मला ठावं न्हाई व्हय?" धोंडीबा म्हणाला. "पर भिवा हात लावतोय, तर म्या बसून ऱ्हाऊ?"

ज्योतीराम भिवाकडे गेला. भिवा म्हणाला, "मला समदं कळतं रं. पर तुझा बाप उठतो, मग मला उठाय लागतं."

ज्योतीरामनं परत कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ड्रायव्हरला तेवढं जाऊन सांगितलं, की वळणावर बस जरा सावकाश घेत जा, मागं माझी माणसं असतात.